पाणिपतचे बेपत्ता आणि तोतयाचें प्रकरण

पाणिपतच्या संग्रामावर मराठींत जितकें लिहिलें गेलें आहे तितकें दुसऱ्या कोणत्याहि एका दिवसावर लिहिलें गेलें नसेल. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं गोल कोणाच्या उतावळेपणानें फुटला, गारद्यांच्या तोफा कोठें निरुपयोगी झाल्या, होळकर केव्हां निघाले, विश्वासरावांस गोळी कोणत्या घटकेस लागली, या एकेका प्रश्नावर आमच्या संशोधकांनीं पिढ्यान्‌पिढ्या लेखण्या झिजविल्या आहेत. ते श्रम व्यर्थ गेले असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या बुधवारीं सूर्य मावळल्यावर जो दुसरा प्रसंग सुरू झाला आणि पुढें बावीस वर्षें चालला, त्यास या सर्व लेखनांत स्वतंत्र जागा मिळालेली नाहीं. तो प्रसंग म्हणजे न परतलेल्या माणसांचा शोध. रणांत पडलेल्यांचा हिशेब लागतो. परतून आलेल्यांचाहि लागतो. ज्यांस शत्रूनें पाडाव करून नेलें, किंवा नेलें असावें अशी घरच्यांस आशा होती, त्यांचें खातें मात्र आमच्या इतिहासांत अद्यापि उघडेंच आहे.

प्रस्तुत टिपणांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, ‘तोतयाचें बंड’ या नांवानें जें प्रकरण प्रत्येक इतिहासग्रंथांत येतें तें चुकीच्या ठिकाणीं लावलेलें आहे. बारभाईंच्या राजकारणांतील एक उपद्रव म्हणून तें १७७६ या सालाखालीं येतें. त्याची खरी जागा पाणिपतच्या प्रकरणाच्या शेवटीं आहे. पुस्तकांतील पान मागेंपुढें करण्याचा हा प्रश्न नाहीं. जागा बदलली म्हणजे त्या प्रकरणांतील कागदांचा अर्थ बदलतो, आणि जे कागद आजवर क्षुल्लक म्हणून दप्तरांत पडून राहिले त्यांची किंमत वाढते.

हकीकत वाचकांस परिचित आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. पाणिपतनंतर थोड्याच वर्षांत उत्तर हिंदुस्थानांत स्वतःस सदाशिवराव भाऊ म्हणविणारा एक मनुष्य उद्भवला. तो बुंदेलखंडाकडील कनोजा ब्राह्मण असून त्याचें नांव सुखनिधान, असें चौकशींत ठरलें. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्यास धरून पुण्यास आणलें. ओळखीची चौकशी होऊन तो तोतया ठरला, आणि त्यास किल्ल्यावर कैदेंत टाकलें. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर असें होतां होतां तो रत्नागिरीस आला. तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानें १७७६ त त्यास सोडून देऊन त्याचा पक्ष घेतला. मग कोंकणांतील किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हातीं गेला, हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं जमलीं, आणि तो बोरघाटाकडे सरकला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केल्यावर तो गलबतांत बसून मुंबईच्या रोखानें पळाला असतां रघूजी आंग्रे यानें त्यास पकडलें. पुण्यास रामशास्त्र्यांच्या प्रमुखत्वाखालीं पुन्हां चौकशी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहान्त शासन झालें.

ग्रँट डफनें १८२६ त प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत ही हकीकत पुण्याच्या कारस्थानांच्या ओघांत सांगितली. सरदेसायांच्या ‘मराठी रियासतीं’त तपशील पुष्कळ वाढला, पण चौकट तीच राहिली. नरसिंह चिंतामण केळकरांनीं या विषयावर नाटक रचलें, त्याचें नांवच ‘तोतयाचें बंड’. नाटककारास बंड हवेंच असतें. त्याबद्दल त्यांस कोणी दोष देणार नाहीं. इतिहासकारास मात्र विचारलें पाहिजे कीं, पंधरा वर्षांपूर्वीं नाहींशा झालेल्या मनुष्याचें नांव घेऊन एक परप्रांतीय ब्राह्मण उभा राहतो आणि किल्लेदार दरवाजे उघडतात, हें घडलें कसें? याला ठराविक उत्तर मिळतें: लोक भोळे होते आणि पुढारी स्वार्थी होते. परांजप्याच्या स्वार्थाविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु ‘लोक भोळे’ असें म्हणून पुढें जाणें हा कारण शोधण्याचा कंटाळा आहे. जे लोक मामलतींत एका रुपयाची तफावत चालूं देत नव्हते, वतनाच्या वादांत चार पिढ्यांचे साक्षीदार उभे करीत होते, ते या एकाच बाबतींत एकाएकी भोळे कसे झाले?

आमचें म्हणणें असें कीं ते भोळे नव्हते. जिवंत सरदार शत्रूच्या डेऱ्यांत लपवून ठेवलेला असूं शकतो, ही त्यांच्या दृष्टीनें कादंबरींतील कल्पना नसून घडलेली गोष्ट होती. काशिराजाचा वृत्तांत घ्या. जनकोजी शिंदे जखमी होऊन बरखुरदारखानाच्या माणसांच्या हातीं सांपडला. त्यास गुप्तपणें ठेवून घेतलें. सुटकेच्या रकमेवर बोलणें चाललें. आणि बोभाटा होऊन आपलें अंग गुंतेल असें दिसतांच त्यास मारून गुपचूप पुरून टाकलें. इब्राहीमखान गारदी असाच कांहीं दिवस शुजाउद्दौल्याच्या आसऱ्यास जिवंत होता, आणि मग अबदालीच्या हवालीं होऊन मेला. म्हणजे लढाई संपल्यावर दोन मातबर पुरुष जिवंत होते, हें त्याच छावणींतील लेखक सांगतो. तिसरा असणें अशक्य कां? हा प्रश्न ज्या घरांत विचारला गेला त्या घरांतील माणसें आमच्याहून कमी शहाणीं नव्हतीं. जनकोजीच्या नांवाचाहि तोतया पुढें निघालाच. आमच्या ग्रंथकारांनीं त्याला एका वाक्यांत उरकलें आहे, कारण त्यानें किल्ले घेतले नाहींत!

सामान्य माणसांची गोष्ट याहून कठीण. सरदाराच्या सुटकेस कांहीं मोल होतें. शिलेदाराच्या, बारगिराच्या, बाजारबुणग्याच्या सुटकेस कोण मोल देणार? शरण आलेल्या पुरुषांची दुसऱ्या दिवशीं कत्तल झाली. बायकामुलें वांटून घेतलीं गेलीं. शुजाच्या आसऱ्यानें आणि कांहीं हिंदु मुत्सद्द्यांच्या मध्यस्थीनें थोडीं माणसें सुटून सुरजमल जाटाच्या मुलखांत पोहोंचलीं. तेथें त्यांस अन्नवस्त्र मिळालें, आणि पुढें ग्वाल्हेरीच्या वाटेनें तीं दक्षिणेस आलीं. १७६१ च्या मार्चांत अबदाली दिल्ली सोडून निघाला. या साऱ्या अवधींत कैद्यांची याद अशी कोणत्याहि पक्षानें केली नाहीं, अदलाबदलीचा तह झाला नाहीं, मेलेल्यांचीं नांवें कोणीं कोणास कळविलीं नाहींत. दक्षिणेंत जी बातमी आली ती सावकारी पत्रांतून सांकेतिक भाषेंत आली, आणि वाटेवर भेटलेल्या पळपुट्यांच्या तोंडून आली. ज्यानें स्वतः शेवटपर्यंत पाहिलें तो बहुधा परत आला नाहीं. जो परत आला त्यानें शेवट पाहिला नव्हता. पुढील सर्व घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

आतां खुद्द भाऊसाहेबांच्या मृत्यूचा पुरावा. तो मुख्यतः काशिराज शिवदेव याचाच. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरीं असून लढाईच्या वेळीं त्या छावणींत हजर होता. त्यानें आपला वृत्तांत फारसींत १७८० च्या सुमारास लिहिला. जेम्स ब्राउन यानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, तें कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्यें छापलें गेलें, आणि १९२६ त रॉलिन्सन यांनीं तें पुन्हां संपादिलें. काशिराज म्हणतो कीं, प्रेतांच्या राशींत शिर नसलेलें एक धड सांपडलें, त्याच्याजवळ कांहीं मोत्यें निघालीं, आणि त्या छावणींतील दक्षिणी पंडितांनीं तें धड भाऊसाहेबांचें म्हणून ओळखलें. ओळखीच्या खुणाहि तो देतो: मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुझफरखानाच्या कटांत लागलेल्या कट्यारीचा वण, पावलावर सामुद्रिकांतील शुभ रेषा, आणि नित्याच्या सूर्यनमस्कारांनीं हातांस व गुडघ्यांस पडलेले घट्टे. शिर मागाहून वेगळें मिळालें. शुजाच्या खटपटीनें धर्माप्रमाणें दहन झालें.

साक्षीदार म्हणून काशिराजाची योग्यता आम्ही मोठी मानतों. तो जवळचा आहे, तटस्थ आहे, आणि अकारण रंग भरीत नाहीं. तथापि एका गोष्टीकडे, आमच्या समजुतीप्रमाणें, पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. त्यानें हा मजकूर लिहिला तेव्हां पुण्यांतील दुसरी चौकशी होऊन चार वर्षें लोटलीं होतीं. तोतयाचा बोभाटा काशीप्रयागापर्यंत न पोहोंचतां तरच नवल. अशा वेळीं एखादा वृद्ध कारकून आपली आठवण लिहूं लागला म्हणजे, ज्या गोष्टीवर वाद माजला तिच्या खुणा तो अधिक काळजीनें मोजून सांगणार. डाग, वण, रेषा, घट्टे, ही यादी लढाईच्या वर्णनाच्या ओघापेक्षां न्यायसभेंतील जबानीच्या ओघाशीं अधिक जुळते. यावरून खुणा खोट्या ठरत नाहींत. त्या कोणत्या प्रश्नाचें उत्तर म्हणून लिहिल्या गेल्या, एवढेंच यावरून सुचतें. हें अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच वाचकांनीं तें घ्यावें.

‘भाऊसाहेबांच्या बखरी’विषयीं येथें विस्तार करीत नाहीं. मराठी गद्याचें तें लेणें आहे. पण बेपत्ता मनुष्याचें काय झालें हें ठरवावयास तिला साक्षीला बोलावूं नये. आम्हीं शाळेंत पाणिपत शिकवीत असतां दरवर्षीं एखादा तरी मुलगा विचारीच, “गुरुजी, भाऊसाहेब खरोखर मेले का?” पाठ्यपुस्तकांत उत्तर होतें, तरी प्रश्न बंद झाला नाहीं.

संपादकांकडे आतां वळतों, कारण आमचा खरा आक्षेप येथें आहे. अठराव्या शतकांतील मराठी पत्रलेखकांजवळ युद्धांत नाहींशा झालेल्या मनुष्याविषयीं बोलावयास एकच शब्द नव्हता. ‘कामास आले’ म्हणजे लढतां लढतां धन्याच्या कार्यीं मेले; त्यावर मुलालेंकरांस बालपरवेशी मागतां येई. ‘ठार झाले’, ‘पडले’ यांत मृत्यु निश्चित, पण वरील हक्काची छटा नेहमीं असतेच असें नाहीं. ‘पाडाव झाले’ म्हणजे जिवंत शत्रूच्या हातीं गेले. आणि ‘ठिकाण लागत नाहीं’ म्हणजे यांपैकीं कांहींच सांगतां येत नाहीं. लिहिणारा कारकून असो कीं सरदार, तो हे शब्द तोलून घालतो, कारण त्या शब्दावर घरांतील बाईचें कुंकूं, मुलाची असामी आणि वतनाचा वारसा अवलंबून असे. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ त काढला तेव्हां पाणिपतसंबंधीं पत्रें समग्र छापलीं, म्हणून आज आपणांस हे शब्द पाहतां तरी येतात. पुढें पत्रांचे गोषवारे देण्याची चाल पडली. गोषवाऱ्यांत काय होतें? ‘अमक्याचा पाणिपतावर मृत्यु’ एवढी ओळ उरते. मूळांत ‘ठिकाण लागत नाहीं’ असतांना वर ‘मृत्यु’ असा मथळा देणें म्हणजे, पत्र लिहिणारास जें ठाऊक नव्हतें तें त्याच्या तोंडीं घालणें होय. जागेची टंचाई आम्हांस कळते. पण चार शब्दांनीं जागा किती वाचली?

हा शब्दच्छल आहे असें कोणास वाटेल, म्हणून अगदीं अलीकडचा दाखला देतों. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर भारतानें सुमारें ९३ हजार कैदी परत पाठविले. आपले ५४ जवान व अधिकारी पाकिस्तानच्या ताब्यांत राहिले असावेत, असें भारत सरकारनें आपल्या संसदेंत वेळोवेळीं सांगितलें. पाकिस्ताननें असा कोणी कैदी आपल्याकडे नाहीं असेंच उत्तर दिलें. यावेळीं पाणिपतची अव्यवस्था नव्हती. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणें प्रत्येक कैद्याचें नांव कळविण्याचें बंधन दोन्ही राष्ट्रांवर होतें, आणि कैद्यास घरीं पत्र पाठविण्याचा हक्क होता. तरी घरच्यांना शोध करावा लागला तो जुन्याच साधनांनीं: कोणी आकाशवाणीवर ऐकलेलें नांव, कोणी एका अमेरिकन साप्ताहिकांत डिसेंबर १९७१ त छापलेलें गजाआडच्या माणसाचें चित्र, कोणी सुटून आलेल्या कैद्याच्या तोंडची आठवण. एका अधिकाऱ्यास सरकारनें ‘युद्धांत मृत’ म्हणून नोंदलें होतें. पुढें १९७४ त त्याच्या हातचें पत्र त्याच्या वडिलांस आलें, अक्षर त्याचेंच ठरलें, आणि सरकारी नोंद ‘मृत’ याऐवजीं ‘बेपत्ता’ अशी बदलावी लागली. २००७ च्या जूनमध्यें कांहीं कुटुंबीयांस पाकिस्तानांतील तुरुंग पाहावयास नेलें. त्यांस आपलीं माणसें तेथें भेटलीं नाहींत. ‘मृत’ आणि ‘बेपत्ता’ या दोन शब्दांत किती अंतर आहे हें त्या वडिलांस विचारण्यासारखें होतें. शके १६८२ च्या पत्रलेखकास तें ठाऊक होतें. आमच्या गोषवाराकारास नाहीं.

बेपत्ता मनुष्याविषयीं धर्मशास्त्र काय म्हणतें, हा प्रश्न या प्रकरणांत कोणीं विचारला नाहीं याचें आम्हांस आश्चर्य वाटतें; कारण त्या काळीं पुण्यांत तो प्रथम विचारला गेला असणार. मनु परदेशीं गेलेल्या पतीची वाट पाहण्याच्या मुदती देतो: धर्मकार्यार्थ गेला असतां आठ वर्षें, विद्येसाठीं किंवा यशासाठीं सहा, भोगासाठीं तीन. रणांगणावरून न परतलेल्याचा वर्ग त्यांत निराळा नाहीं; टीकाकारांनीं तो यशाच्या सदरांत घालावा कीं धर्माच्या, हें त्यांचें त्यांनीं पाहावें. और्ध्वदेहिकाचा विचार निबंधकारांनीं अधिक बारकाईनें केला आहे. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ तला, म्हणजे पेशवाईंत सर्वत्र प्रमाण; काशिनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ या प्रकरणानंतरचा, पण परंपरा तीच. वार्ता न लागलेल्या मनुष्याची सामान्यतः बारा वर्षें वाट पाहावी. वयाप्रमाणें भेद करणारें वचन उतारवयाच्यास बारा, मध्यमवयाच्यास पंधरा आणि तरुणास वीस वर्षें सांगतें. मुदत संपल्यावर पळसाच्या ३६० देंठांची प्रतिमा करून तिचें दहन करावें व मग अशौच धरावें. आणि असें करून चुकल्यावर तो मनुष्य जिवंत परत आला तर? त्याचीहि तरतूद आहे: त्यास घृतानें स्नान घालून जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हां करावेत, आणि त्यानें आपल्याच पत्नीशीं पुन्हां विवाह करावा. शास्त्रकारांस परत येणारीं माणसें ठाऊक होतीं. इंग्रजी अमलांत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ही मुदत सात वर्षांवर आणली, आणि २०२३ च्या नव्या अधिनियमांत तीच कायम आहे.

हीं कलमें भाऊसाहेबांस लावून पाहूं. त्यांचा जन्म १७३० चा. लढाईच्या वेळीं वय तीस. अत्यंत लांब मुदत धरली तरी ती १७८१ त संपते. बारा वर्षें धरलीं तर १७७३ तच संपते. आणि काशिराज म्हणतो त्याप्रमाणें देह ओळखून दहन झाल्याचें पुण्यास खात्रीनें मान्य असतें, तर वाट पाहण्याचें कारणच नव्हतें. १७६१ तच उत्तरकार्य व्हावयास हवें होतें. प्रत्यक्षांत काय झालें? भाऊसाहेबांची उत्तरक्रिया झाली ती १७८३ त, त्यांच्या पत्नी पार्वतीबाई वारल्यावर, त्यांच्या क्रियेबरोबर.

या एका गोष्टीचें वजन किती आहे तें पाहा. पाणिपतावरून पार्वतीबाईंस जानू भिंताड्यानें संभाळून आणलें. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. १७७४ त गर्भवती गंगाबाईंस पुरंदरावर नेलें तेव्हां घरांतील वडील बाई म्हणून पार्वतीबाई बरोबर होत्या, आणि त्या सौभाग्यचिन्हांसह होत्या. एका बाजूस शनिवारवाड्याचें राज्य ‘भाऊसाहेब पाणिपतावर पडले’ असें जगास सांगत होतें, आणि त्याच विधानावर १७७६ त एका मनुष्यास देहान्त शासन देत होतें. दुसऱ्या बाजूस तेंच राज्य आपल्याच घरांत त्या पुरुषाचें श्राद्ध करीत नव्हतें. हा विरोध आमच्या इतिहासकारांनीं ‘बाईंची श्रद्धा’ या सदराखालीं घालून मिटविला आहे. बाईंची श्रद्धा होतीच. पण पुण्यास शास्त्री होते, कारभारी होते, आप्त होते. त्यांच्यापैकीं कोणाच्यानें तो विधि करवला नाहीं. राज्याला न्यायसभेंत जें सिद्ध करतां आलें तें देवघरांत सिद्ध करतां आलें नाहीं. असें असतां कोंकणांतल्या किल्लेदारानें शंका बाळगली तर त्याच्या भोळेपणावर बोट कसें ठेवावें? वाड्यांतील बाईंच्या कपाळावरचें कुंकूं त्यानेंहि ऐकलें होतें.

माधवरावांनीं पहिल्या चौकशींत तोतया ठरलेल्या मनुष्यास दहा-अकरा वर्षें जिवंत कां ठेवलें, याचाहि उलगडा आम्हांस येथेंच शोधावासा वाटतो. माधवराव शासनास कचरणारे नव्हते. ज्या प्रकरणांत शंभरांत एक अंश चूक झाली तर ती स्वतःच्या चुलत्याची हत्या ठरते, तेथें कैद पुरेशी वाटणें स्वाभाविक आहे. अकरा वर्षांनीं बारभाईंस ती चैन परवडली नाहीं. बंडानें त्यांचा नाइलाज केला.

आणि हे बारभाई कोण? त्यांत नाना फडणीस होते. नानांचें छोटें आत्मवृत्त संशोधकांस सुपरिचित आहे. आत्मनिरीक्षणाच्या अपूर्वतेमुळें त्याची वाखाणणी होते. लढाईच्या वेळीं ते एकोणिसाव्या वर्षांत होते, आणि मातोश्री व पत्नी यांसह छावणींत होते. गर्दींतून ते एकटे पायीं निसटले. पत्नी मागाहून सुखरूप मिळाली. आई मिळाली नाहीं. ज्या पुरुषाच्या कारभारांत १७७६ ची चौकशी झाली, त्याच्या स्वतःच्या घरांत पाणिपतची ही जागा रिकामी होती. नानांनीं तोतयाच्या प्रकरणांत जो कठोरपणा दाखविला तो केवळ मुत्सद्द्याचा असें बहुतेक लेखक मानतात. असेलहि. पण ‘पाणिपतावरचीं माणसें परत येतात’ ही वदंता नानांस इतरांहून निराळी ऐकूं येत असली पाहिजे, एवढें तरी चरित्रकारांनीं लक्षांत घ्यावयास हवें होतें. जनकोजीचा तोतया निघाला, भाऊसाहेबांचा निघाला. आईचा तोतया निघत नसतो.

जुन्या इतिहासकारांनीं शोध करणाऱ्या कुटुंबांची उपेक्षा केली, तर अलीकडच्या उत्साही लेखकांनीं उलट दोष केला आहे. रोहतक जिल्ह्यांतील सांघी या गांवीं एक डेरा आहे. भाऊसाहेब लढाईनंतर तेथें आले, नाथपंथी झाले आणि तेथेंच समाधिस्थ झाले अशी स्थानिक समजूत आहे. हरियाणांतील रोड समाजांत, आपण पाणिपतच्या मराठ्यांचे वंशज, अशी भावना गेल्या कांहीं वर्षांत बळावली आहे. बलुचिस्तानांत डेरा बुगटीच्या मुलखांत ‘मराठा’ म्हणविणारी जमात आहे. अबदालीनें बलुची सरदारांस वांटून दिलेल्या कैद्यांची ती संतति, असें सांगतात. या तिन्हींस एका मापानें मोजूं नये. बलुचिस्तानची गोष्ट संभाव्य आहे, कारण कैदी तिकडे नेले गेले यांत शंका नाहीं आणि जमातीचें नांव त्यांनीं स्वतः राखलें आहे. पण तेथें ‘आई’ हा एक शब्द उरला म्हणून वंश सिद्ध झाला असें जें लिहिलें जातें तें भाषाशास्त्राची थट्टा आहे. एका शब्दावर वंशावळ चढत नाहीं. रोड समाजाच्या दाव्यास समकालीन कागदाचा आधार दाखवावा लागेल. सांघीच्या डेऱ्याविषयीं आम्ही एवढेंच म्हणूं कीं, समजूत केव्हांपासूनची हें आधीं ठरवा. १७७६ नंतरची असेल तर ती तोतयाच्या कथेचीच एक शाखा ठरेल. शोध करणाऱ्यांविषयीं सहानुभूति असावी, पण ती पुराव्याच्या जागीं बसवूं नये. रामशास्त्र्यांस बहुधा हीच अडचण पडली होती.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. पाणिपतनंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतील घरगुती पत्रें ज्यांच्या रुमालांत असतील त्यांनीं बायकांस लिहिलेल्या पत्रांचे मायने तपासावे. सौभाग्यवतीस ‘वज्रचुडेमंडित’ लिहीत. विधवेस ‘गंगाजळनिर्मळ’ किंवा ‘गंगाभागीरथी’. ज्या घरचा पुरुष पाणिपतास गेला आणि परतला नाहीं, त्या घरच्या बाईचा मायना कोणत्या वर्षीं बदलला, कीं बदललाच नाहीं? कारकून हा मायना डोळे मिटून घालीत नसे. तो चुकणें म्हणजे अपशकुन. म्हणून एकाच बाईस आलेलीं तीन-चार पत्रें तिथिवार लावलीं तर त्या घरानें आशा केव्हां सोडली याची नोंद आपोआप हातीं येते, आणि ती नोंद कोणत्याहि बखरींत मिळणार नाहीं. असे मायने आजवर ‘नेहमींचा मायना’ म्हणून नकला करतांना गाळले गेले आहेत. ते यापुढें गाळूं नयेत. नक्कल पाठवितांना पहिल्या दोन ओळी, तीथ आणि ज्या गांवीं पत्र पोहोंचलें त्या गांवाचें नांव अवश्य द्यावें. पत्र फाटकें असलें तरी चालेल. बहुधा फाटतो तो शेवट, आणि मायना राहतो.